ओसरत्या नाथसागराच्या काठी

पावसाळ्यात मराठवाड्यातल्या घरोघरी वर्तमानपत्र उघडले की आधी जायकवाडीच्या पाणीसाठ्याचा टक्का पाहिला जातो, आणि धरण १५२२ फुटांच्या पूर्ण पातळीला पोहोचले की कालव्याखालच्या गावांचा जीव भांड्यात पडतो. ऑक्टोबरनंतर हा टक्का हळूहळू उतरू लागतो, तेव्हा त्याची चर्चाही मंदावते. किनारपक्ष्यांसाठी मात्र हा उतारच महत्त्वाचा असतो. तुतवार, टिलवे, चिखल्या, मालगुजा अशा ज्या पक्ष्यांना आपण या नावाने एकत्र ओळखतो, त्यांचे पोट उथळ पाणी आणि ओला चिखल यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यावर भरते.

समुद्रकाठी हा पट्टा ओहोटीमुळे दिवसातून साधारण दोनदा उघडा पडतो. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, समुद्रापासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. येथे वर्षाकाठी एकच भरती येते, ती पावसाळ्यात, आणि तिची ओहोटी पुढे आठ महिने चालते. या जलाशयाची लांबी सुमारे ५५ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त २७ किलोमीटर आहे. सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरत असल्याने सरासरी खोली आठ मीटरांच्या आसपासच भरते. परातीसारख्या अशा पसरट जलाशयात पातळी वीतभर उतरली तरी काठाची बरीच जमीन उघडी पडते. १९८६ मध्ये या परिसराला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यामागे या उथळपणाचा वाटा मोठा आहे असे मला वाटते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघे गंगापूर तालुक्यातल्या कायगावकडच्या पाणफुगवट्यावर उजाडायच्या आधीच पोहोचलो. प्रवरा जिथे गोदावरीला मिळते त्या बाजूचा हा काठ; इकडची माणसे गोदावरीला गंगाच म्हणतात. पाण्याच्या कडेला एक काडी रोवली, सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरली आणि स्कोप, म्हणजे दूरचे पक्षी पाहायची एकनळी दुर्बीण, लावला. काठावर पहिल्या तासात शेकाटे, ठिपकेवाले तुतवार, लहान कंठेरी चिखले आणि दोनशेच्या आसपास छोटे टिलवे होते. वीस-तीस ग्रॅम वजनाचा हा टिलवा उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात घरटे करतो.

एकाच चिखलात इतके पक्षी भांडणाविना कसे चरतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यांच्या चोचींत सापडते. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे असतात. तो चार पावले धावतो, थबकतो, पृष्ठभागावर काही हलले की टिपतो. मालगुजाची लांब चोच मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या खोलीत काम करते. त्याच्या चोचीच्या टोकाजवळच्या हाडात सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांत दाब व कंपन ओळखणाऱ्या संवेदी कणिका दाटीने बसलेल्या असतात. भक्ष्य लागले की पूर्ण चोच न उघडता फक्त टोक उघडून ते पकडता येते, त्यामुळे चिखलाचा भार पेलत जबडा फाकवावा लागत नाही.

या स्पर्शज्ञानाला पाणी लागते. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘रेड नॉट’ या किनारपक्ष्याला ओल्या वाळूत पुरलेला दगडसुद्धा, चोच त्याला न लागता, ओळखता आला. कोरड्या वाळूत ते जमले नाही. चोच खुपसली की कणांमधल्या पाण्यावर दाब येतो, आणि मध्ये कठीण वस्तू असली की त्या दाबाची घडण बदलते. नाथसागराचा गाळ बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीचा, अतिशय बारीक कणांचा असतो. ओला असताना तो लोण्यासारखा मऊ राहतो, परंतु आठवडाभराच्या उन्हात त्याला भेगा पडतात. गाळात वाढणाऱ्या डासासारख्या माश्यांच्या लाल अळ्या, ज्या या पक्ष्यांचे मोठे अन्न आहेत, त्याही ओल संपली की संपतात. म्हणून पाणी एकदम ओसरूनही उपयोग नसतो. रोज ओल्या चिखलाची नवी पट्टी उघडी पडत गेली, तरच पक्षी टिकतात.

साडेआठच्या सुमारास टिलव्यांच्या थव्यात एक पक्षी वेगळा दिसला. पाय लांब, चोच टोकाकडे खाली वाकलेली, पोटावर विटकरी रंगाचे ठिगळ नुकतेच उमटू लागलेले. तो उडाला आणि शेपटीच्या वरचा पांढरा भाग दिसला, तेव्हा खात्री पटली: कर्ल्यू सँडपायपर. खाऱ्या चिखलात आणि मिठागरांत थव्यांनी दिसणारा हा पक्षी आपल्या पठारावर क्वचितच उतरतो. समुद्रकाठी राहताना या पक्ष्यांच्या डोळ्यांवरच्या लवणग्रंथी शरीरातले जादा मीठ नाकावाटे बाहेर टाकतात. गोड्या पाण्यावर काही दिवस काढले की ग्रंथींचे काम घटते आणि त्या लहान होतात. सैबेरियाच्या उत्तर टोकाला कर्ल्यू सँडपायपरची वीण होते, आणि ती साधेल की नाही हे तिथल्या लेमिंग नावाच्या उंदरांवर अवलंबून असते. लेमिंग भरपूर असलेल्या वर्षी ध्रुवीय कोल्हे त्यांच्यावर पोट भरतात आणि पिल्ले वाचतात. लेमिंग घटले की कोल्ह्यांची नजर घरट्यांकडे वळते. २०२४ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत हा पक्षी ‘असुरक्षित’ गटात टाकण्यात आला, त्यामुळे एकट्या पक्ष्याकडे पाहतानाही मन हळवे झाले.

दहानंतर तापलेल्या जमिनीवर मृगजळ थरथरू लागले आणि स्कोपमधून सारेच पक्षी विरघळल्यासारखे दिसू लागले. दुपार आम्ही बाभळीखाली काढली. पाणी हटलेल्या जमिनीवर गाळपेराची कलिंगडे आणि काकड्या होत्या. पोटापाण्याच्या या शेतीविषयी माझी तक्रार नाही, पण पाण्यालगतची चिखलाची पट्टी नांगराविना राहिली पाहिजे, आणि तिथे कुत्री व मोटारसायकली जाऊ नयेत. लांब प्रवासाआधी अनेक किनारपक्षी वजन जवळजवळ दुप्पट होईल इतकी चरबी साठवतात. प्रत्येक वेळी थवा उडवला गेला की त्या साठ्यातून खर्च होतो.

संध्याकाळी तो पक्षी पुन्हा टिलव्यांतच सापडला, गुडघाभर पाण्यात, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवत. सूर्य टेकल्यावर काही टिलवे किणकिणत उठले, दोन घिरट्या घालून उंच गेले आणि उत्तरेकडे वळून दिसेनासे झाले. तो त्यांच्यात होता की नाही हे त्या उजेडात कळले नाही. निघताना पहाटेची काडी पाहिली. पाणी तिच्यापासून दोन पावले दूर गेले होते, आणि मधल्या ताज्या चिखलावर पायांच्या नखाएवढ्या ठशांची दाटी झाली होती.