कंदीलपुष्पं : एकाच सह्याद्रीतली वेगवेगळी बेटं

गणपतीच्या सुमारास नाशिकजवळच्या अंजनेरीवर गेलात तर गवतात एक बारीक, सरळ उभं रोप नीट शोधा. त्याच्या फुलाची नळी बुडाशी फुगीर असते आणि वर पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या, अगदी कंदिलासारख्या. ही अंजनेरीची खर्पुडी, म्हणजेच कंदीलपुष्प; शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका. विज्ञानाला तिची ओळख झाली ती थेट 2006 मध्ये. तिथून शंभर किलोमीटरच्या आत हरिश्चंद्रगड आहे. तिथली सेरोपेजिया लावी ही दुसरी जात ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हुकर यांनी 1883 मध्येच नोंदवली होती. दोघी एकाच कुळातल्या आणि इतक्या जवळ, मग वेगळ्या कशा झाल्या?

सुरुवात दगडापासून करावी लागते. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. पुढे पावसाने आणि नद्यांनी ते कापत नेले, आणि उरले ते सपाट माथ्यांचे, ताशीव कड्यांचे डोंगर. माथ्यावर पातळ माती, पावसात चिंब आणि उन्हाळ्यात तापलेला कातळ. खर्पुडीला हेच मानवतं. पाऊस सरला की ती वरून वाळून जाते आणि कंदाच्या रूपात जमिनीखाली दडून राहते. खालच्या दऱ्यांतल्या दाट झाडीत तिचा निभाव लागत नाही. म्हणजे मधली दरी तिच्यासाठी समुद्रच.

खरी गोम आहे बियांची. रुईसारखाच यांच्या बियांना रेशमी केसांचा झुपका असतो, वाऱ्यावर त्या सहज उडतात. पण उडणं वेगळं आणि रुजणं वेगळं. चुकून एखादं बी पलीकडच्या माथ्यावर रुजलंच, तर तिथून नवी वस्ती सुरू होते, आणि मूळच्या वस्तीशी परागांची देवाणघेवाण जवळजवळ थांबते. कारण यांचं परागीभवन चिमुकल्या माश्यांवर अवलंबून आहे. माशी नळीत उतरते, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते, परागांच्या पिशव्या तिच्या तोंडाला चिकटतात. केस सुकले की तिची सुटका होते. एवढासा जीव दरी ओलांडून किती दूर जाणार?

त्यात हवामानही स्थिर नव्हतं. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, मोसमी पाऊस कमजोर पडला होता. अशा चढउतारांत उघडे माळ आणि झाडी यांच्या सीमा सरकत राहिल्या, वस्त्या कधी जोडल्या गेल्या, कधी तुटल्या असणार. त्या काळाचे थेट पुरावे या फुलांनी मागे ठेवलेले नाहीत, पण आजची वाटणी पाहिली की हेच चित्र पटतं.

ही वाटणी कागदावर आणायला माणसं डोंगर चढली. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या अन्सारी यांनी 1969 नंतर एकामागून एक जाती वर्णन केल्या. पाचगणीची सेरोपेजिया नूरजहानी ही त्यातलीच, 1972 ची.

यांचे कंद खाल्ले जातात, माथ्यांवर बांधकामं होतात. एकाच पठारावर तगून असलेल्या जातीला हे झेपत नाही, कारण तिला बी पाठवणारं दुसरं पठारच नसतं. म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या फुलांची रोपं जपली, वाढवली.