प्लेटलेट्सच्या आधी तापाचा दिवस मोजा

परवा शेजारच्या काकूंनी मुलाचा डेंग्यूच्या तापातला रक्ताचा रिपोर्ट माझ्या हातात ठेवला. बोट एकाच ओळीवर: प्लेटलेट्स 92,000. "बाटली चढवावी लागतंय काय हो?"

मी विचारलं, ताप कधी आला? सोमवारी. रक्त कधी दिलं? शुक्रवारी. म्हणजे पाचवा दिवस. हा दिवस रिपोर्टवर छापलेला नसतो, आणि तो कळल्याशिवाय बाकीच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, एरवी दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतात आणि बहुतेकांच्या आपोआप चढतात. पांढऱ्या पेशी (एरवी 4,000 ते 11,000) बऱ्याचदा त्यांच्याही आधी घटतात. पण टायफॉइडमध्येही त्या कमी दिसू शकतात, त्यामुळे तेवढ्यावरून निदान करू नये. कधी नळीतच प्लेटलेट्सचे पुंजके होतात आणि मशीन त्या कमी मोजतं. अशा वेळी काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघणं आलं.

मी मात्र आधी पीसीव्ही शोधतो. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, हे ती ओळ सांगते. डेंग्यू बळावला की रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव बाहेर झिरपतो आणि मागे राहिलेलं रक्त घट्ट होतं. 40 चा पीसीव्ही 48 झाला, तर ती वीस टक्के वाढ. मग घरी थांबायचं नाही. गंमत म्हणजे हे बहुधा ताप उतरताना घडतं, घरचे "सुटला एकदाचा" म्हणत असतात तेव्हा. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठावा. आणि अंग ठणकतंय म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन आणू नये, रक्तस्राव वाढतो.

डेंग्यूच्या चाचण्यांपैकी एनएस1 (विषाणूचं प्रथिन शोधणारी) पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी) त्यानंतर. सहाव्या दिवशी एनएस1 निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असं होत नाही. टायफॉइडची विडाल चाचणी तर 1896 सालची. जुन्या संसर्गानेही ती पॉझिटिव्ह येते, तरी आपल्याकडे तिच्यावर भलता भरवसा. टायफॉइडची शंका असेल तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं) करावं.

काकूंच्या मुलाचा बुधवारी पीसीव्ही 40 होता, शुक्रवारी 41. रक्तस्राव नाही, लघवी व्यवस्थित, पेज पोटात राहत होती. डॉक्टरांनी रोज तपासणी ठेवली, प्लेटलेट्स दिल्या नाहीत. शनिवारी आकडा 78,000 वर आला, काकू रडकुंडीला. सोमवारी 1,10,000.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे दारोदारी बॅरल भरलेले. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटून कोरडी असली तरी महिनोन् महिने तग धरतात. बॅरल नुसता रिकामा करून भागत नाही. काकूंचा मुलगा आता दर रविवारी काथ्याने आतून घासतो. झाकण अजून सापडायचंय.