चौकोनांची ओळ आणि हाती पडणारं कार्ड

क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, प्रत्येक कर्जाखाली छोट्या चौकोनांची एक ओळ असते. महिन्याला एक चौकोन, असे मागचे ३६ महिने. ‘०००’ म्हणजे हप्ता वेळेवर भरला, ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर. विमानतळाच्या लाउंजवालं भारी क्रेडिट कार्ड मिळणार की एफडी ठेवून साधं, हे बरंचसं या ओळीवर ठरतं. आपल्याकडे ही ओळ आली त्याला पुरती पंचवीस वर्षंही झालेली नाहीत.

पत हा शब्द मात्र जुना. वाण्याच्या खतावणीतली पत त्या दुकानापुरती. गाव बदललं की पुन्हा श्रीगणेशा. बँकांचीही गत वेगळी नव्हती. ग्राहकाची माहिती बाहेर द्यायची नाही, त्यामुळे एका बँकेचा थकबाकीदार दुसऱ्या बँकेत कोरा चेहरा घेऊन कर्ज मागू शकत असे. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणलं, नव्वदच्या दशकात परदेशी बँकांनी ते शहरी नोकरदारांपर्यंत नेलं. तेव्हा पत मोजायची कशी? पगाराची स्लिप, कंपनीचं नाव, लँडलाइनचं बिल. एखाद्या बँकेचं कार्ड आधीच असेल तर त्याची झेरॉक्स दाखवून दुसरं मिळे. घरी माणूस येऊन जाई, शेजाऱ्यांकडेही चौकशी करी.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या एन. एच. सिद्दीकी यांच्या कार्यगटाच्या शिफारशींनंतर ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत सिबिल ही कर्जांच्या नोंदी ठेवणारी कंपनी स्थापन झाली, आणि २००४ पासून वैयक्तिक कर्जदारांच्या नोंदी बँकांना मिळू लागल्या. पतीची ही माहिती बँकांनी देण्या-घेण्याचा कायदा २००५ चा. तोवर कर्जाच्या अर्जातच ग्राहकाची संमती घ्यावी लागे.

पण नोंदी असणं वेगळं आणि त्या बघणं वेगळं. त्याच काळात रेल्वे स्टेशनांबाहेर, पेट्रोल पंपांवर टेबलं मांडून ‘लाइफटाइम फ्री’ कार्डं वाटली जात होती. वाटताना चौकशी कमी, वसुलीला मात्र माणसं भरपूर! मार्च २००८ मध्ये देशात सुमारे २.७५ कोटी कार्डं होती. जागतिक मंदी आली, थकबाकी फुगली आणि मार्च २०१२ पर्यंत आकडा १.७६ कोटींवर उतरला. तोंड पोळल्यावरच बँकांनी रिपोर्ट मनावर घेतला, असं माझं मत. या नोंदींवरून पत एका आकड्यात सांगणारा ३०० ते ९०० चा स्कोअर २००७ मध्ये आला होता, पण तो फक्त बँकांसाठी. सामान्य माणसाला स्वतःचा स्कोअर बघायला २०११ उजाडलं. चार वर्षं आपल्याबद्दलचा आकडा आपल्यालाच दिसत नव्हता, हे मला अजूनही खटकतं. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळू लागला तो २०१७ पासून.

आज ७५० च्या पुढे स्कोअर असला की बँका खुशीत असतात (हा आकडा कुठल्याही नियमात लिहिलेला नाही). खरी अडचण होते ती ज्याची नोंदच नाही त्याची. त्याच्या रिपोर्टवर ‘-१’ येतं. त्याच्यासाठी बँकांनी जुनाच मार्ग काढला: तारण. वीस हजारांची एफडी ठेवायची, तिच्या साधारण ऐंशी-नव्वद टक्के मर्यादेचं कार्ड घ्यायचं. या कार्डाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण त्याचं बिल वेळेवर भरलं की चौकोनात तेच ‘०००’ पडतं. हप्ते थकवून शेवटी तडजोड केलेल्यालाही हाच रस्ता उरतो, कारण ‘सेटल्ड’ हा शेरा बँकेच्या लेखी फेड नव्हे, तर सोडून दिलेला पैसा. मित्रासाठी जामीन राहिलेल्यांनीही रिपोर्ट उघडून बघावा. ते कर्ज तिथेही दिसतं.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना नोंदी दर पंधरा दिवसांनी पाठवणं बंधनकारक झालं. चुकीची नोंद तक्रारीनंतर ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियमही आहे.

आणि गावच्या पतसंस्थेचं कर्ज? ते बहुतेक वेळा या रिपोर्टमध्ये येतच नाही. आयुष्यभर तिथे एकही हप्ता न चुकवलेला माणूस कार्डासाठी बँकेत गेला, तर पडद्यावर दिसतं ‘-१’, आणि समोरचा विचारतो, एफडी किती ठेवता?