नमाज, रोजे आणि चांद

इस्लामचा पाया पाच गोष्टींचा: कलमा, नमाज, रोजा, जकात (दान) आणि हज (मक्केची यात्रा). कलमा म्हणजे अल्लाहशिवाय दुसरा कोणी उपास्य नाही आणि मुहम्मद त्याचे रसूल (प्रेषित) आहेत ही साक्ष. फरिश्ते, आधीचे ग्रंथ, पैगंबर, कयामतचा दिवस यांवरचं इमान ह्याला धरूनच येतं. ह्या साक्षीला ठरलेली वेळ नाही. बाकीच्या चारी गोष्टी मात्र सूर्य-चंद्रावर चालतात, आणि मुंबईत हे बघायला मजा येते कारण इथे घड्याळं एकापेक्षा जास्त आहेत.

नमाज दिवसातून पाच वेळा: फजर, जोहर, असर, मगरिब, इशा. फर्ज (सक्तीच्या) रकात, म्हणजे नमाजचे फेरे, २, ४, ४, ३, ४ म्हणजे एकूण १७, शुक्रवारी दुपारी जोहरच्या जागी जुम्मा. त्याआधी वुजू, हातपाय-तोंड धुणं. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत त्यासाठी आतमध्ये जुना तलावच आहे, मासे फिरत असतात त्यात. तोंड काबाकडे, म्हणजे मुंबईतून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे.

आता गंमत असरची. शाफई आणि हनफी हे सुन्नींमधले कायद्याचे दोन पंथ. सावली वस्तूएवढी झाली (दुपारची मूळ सावली सोडून) की शाफई लोकांची असर लागते, हनफींची दुप्पट झाल्यावर. कोकणी मुसलमान शाफई आणि उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी, त्यामुळे एका मशिदीत असर होऊन जाते तरी दुसरीकडे अजान व्हायची असते. शिया पंथातले बोहरी जोहर-असर लागोपाठ पढतात. बाहेरच्याला वाटतं अजान पुढेमागे का, तर भानगड सावलीची आहे.

रोजा पहाट फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत, पाणीसुद्धा नाही. आजारी, प्रवासी वगैरेंना सूट, राहिलेले रोजे नंतर भरायचे. मुंबईत सूर्य नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास मावळतो, जुलैत सव्वासातच्या पुढे, म्हणून रमजान पावसाळ्यात आला की दिवस लांबतो. आणि तो येतोच, कारण हिजरी (इस्लामी चांद्र) वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकतं. आपल्याकडे अधिक महिना टाकून दिवाळी जागेवर ठेवतात, इथे तो नाही, त्यामुळे साधारण ३३ वर्षांत रमजान सगळे ऋतू फिरून येतो. संध्याकाळच्या लोकलमध्ये कोणीतरी मोबाईलवर वेळ बघत बसलेला असतो, मिनिट भरलं की पहिला खजूर तोंडात आणि डबा शेजाऱ्यापुढे, तो कोणत्या का धर्माचा असेना.

जकातही चांद्र वर्षावरच. निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, तेवढी मालमत्ता वर्षभर राहिली तर अडीच टक्के गरिबांचे. बरेच जण रमजानमध्ये काढतात. हज जिलहज महिन्याच्या ठरलेल्या दिवसांत, ऐपत असेल तर आयुष्यात एकदा. मुंबईहून हाजी १९९५ पर्यंत जहाजानेही जायचे.

महिना संपतो तो चांद दिसल्यावर. बोहऱ्यांचं कॅलेंडर गणिताने आधीच ठरलेलं, त्यामुळे भेंडी बाजारात त्यांची ईद एक-दोन दिवस आधी होऊन जाते. बाकीचे २९व्या रोज्याला आभाळाकडे डोळे लावतात. ढग असले आणि कुठूनच साक्ष आली नाही तर ३० पुरे करायचे. मोहम्मद अली रोडवरचे शिंपी तेवढ्यात एक रात्र जास्त मिळाली म्हणून मशीन परत चालू करतात.