न्यूयॉर्कमधील आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या पायी फेऱ्या : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

न्यूयॉर्क व न्यू जर्सी परिसरातील मराठी कुटुंबांसाठी आणि मुलांकडे काही महिने मुक्कामास आलेल्या आई-वडिलांसाठी आम्ही मॅनहॅटनमध्ये मराठीतून दोन पायी फेऱ्या घेतो. एक फेरी शहराच्या दक्षिण टोकाला, वॉल स्ट्रीट आणि सिटी हॉलच्या भागात होते, तर दुसरी हार्लेममध्ये होते. नोंदणी करण्यापूर्वी हे पत्रक पूर्ण वाचावे, अशी विनंती आहे. फेरीत काय पाहायला मिळते आणि काय मिळत नाही, याची कल्पना आधी असली की नंतर विरस होत नाही.

महात्मा फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केले, हे बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असते. आमच्याकडे येणाऱ्या अनेकांची या विषयाशी ओळख त्या अर्पणपत्रिकेपुरतीच असते आणि त्यामुळे गुलामांची सुटका कोणीतरी उदार मनाने केली, अशी समजूतही सोबत येते. उदार माणसे होती, यात शंका नाही. परंतु या शहरात ज्यांनी पळून आलेल्यांना घरात दडविले, वर्तमानपत्र काढले, कोर्टात खटले लढविले आणि जमिनी घेऊन वस्त्या वसविल्या, त्यांत कृष्णवर्णीय न्यूयॉर्ककर स्वतः आघाडीवर होते. आमच्या दोन्ही फेऱ्यांची आखणी त्यांच्या कामावर बेतलेली आहे.

पहिली फेरी : वॉल स्ट्रीट ते लिस्पेनार्ड स्ट्रीट

ही फेरी सुमारे अडीच किलोमीटरची असून तिला थांबत-थांबत साधारण तीन तास लागतात. हिच्यात जुन्या वास्तू जवळजवळ नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. सतराव्या-अठराव्या शतकातील न्यूयॉर्क आजच्या काचेच्या इमारतींखाली गाडले गेले आहे, त्यामुळे पाटी, रस्त्याचे वळण आणि जुना नकाशा यांच्या आधारानेच ते समजून घ्यावे लागते. आम्ही जुन्या नकाशांच्या मोठ्या प्रती सोबत ठेवतो.

आरंभ वॉल स्ट्रीट आणि वॉटर स्ट्रीटच्या चौकात होतो. डच वेस्ट इंडिया कंपनीने १६२६ च्या सुमारास अकरा आफ्रिकन पुरुषांना गुलाम म्हणून येथे आणले. ज्या तटावरून वॉल स्ट्रीटला नाव मिळाले, तो १६५३ साली उभारताना गुलामांचेच श्रम वापरले गेले. १७११ साली नगरपालिकेने कायदा करून वॉल स्ट्रीटच्या नदीकडील टोकाला माणसांच्या विक्रीचा बाजार ठरवून दिला आणि तो १७६२ पर्यंत चालू होता. या बाजारात विक्रीइतकाच भाड्याचाही व्यवहार चाले. ज्या मालकाला गुलाम रोजंदारीवर द्यायचा असे, तो त्याला येथे उभा करी आणि मजुरी स्वतः घेई. त्याच ठिकाणी धान्य आणि पीठही विकले जात असल्यामुळे लोक त्याला मील मार्केट म्हणत. १७०३ च्या सुमारास शहरातील जवळजवळ चाळीस टक्के घरांत गुलाम होते, म्हणजे गुलामगिरी ही दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांपुरती गोष्ट होती, ही समजूत या पहिल्याच थांब्यावर सोडावी लागते. बाजाराची दखल घेणारी पाटी येथे लागायला मात्र २०१५ साल उजाडले.

तेथून आपण ब्रॉड स्ट्रीटवर जातो. येथे टॉमस डाउनिंग या कृष्णवर्णीय व्यावसायिकाचे ऑयस्टर, म्हणजे कालवे, खाऊ घालणारे नामांकित उपाहारगृह होते. बँकर, व्यापारी आणि राजकारणी वर गालिचे अंथरलेल्या दालनात बसून कालवे खात, आणि खाली तळघरात दक्षिणेतून पळून आलेल्या माणसांना आसरा मिळे. या थांब्यावर पाहण्यासारखे काहीही उरलेले नाही, तरीही आम्ही तो वगळत नाही. मेडन लेनवर १७१२ च्या उठावाची हकीकत सांगितली जाते. त्या रात्री नऊ गोरे मारले गेले आणि नंतर वीसहून अधिक गुलामांना देहदंड झाला. या शिक्षांचे तपशील क्रूर आहेत. लहान मुले सोबत असतील तर मार्गदर्शकाला तसे सांगावे, म्हणजे तो भाग संक्षेपाने सांगता येईल.

पार्क रोच्या कडेला एलिझाबेथ जेनिंग्ज यांच्या नावाचा रस्ता आहे. १६ जुलै १८५४ रोजी, रविवारी, शाळेत शिकविणाऱ्या या तरुणी चर्चमध्ये ऑर्गन वाजविण्यासाठी निघाल्या होत्या, तेव्हा घोड्यांच्या ट्राममधून कंडक्टरने आणि पुढे पोलिसाने त्यांना ओढून खाली उतरविले. त्यांनी कंपनीवर दावा लावला. त्यांचे वकील चेस्टर आर्थर तेव्हा पंचविशीच्या आतले होते आणि पुढे १८८१ साली ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले. १८५५ साली निकाल जेनिंग्ज यांच्या बाजूने लागला आणि त्यांना २२५ डॉलर भरपाई मिळाली. माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला, ती घटना यानंतर शंभर वर्षांनी, १९५५ साली घडली.

फेरीतील सर्वांत जास्त वेळ आम्ही आफ्रिकन बरियल ग्राउंड या राष्ट्रीय स्मारकासाठी राखून ठेवला आहे. १६९७ साली ट्रिनिटी चर्चने आपल्या आवारात कृष्णवर्णीयांना पुरण्यास बंदी केली. त्यामुळे वस्तीबाहेरच्या ओसाड जमिनीत त्यांची दफने होऊ लागली आणि ती १७९४ पर्यंत होत राहिली. रात्री दफन करायचे नाही आणि बारांपेक्षा अधिक माणसांनी जमायचे नाही, असे निर्बंध त्यांवर होते. पुढे ही सखल जमीन भराव टाकून उंच करण्यात आली, तिच्यावर इमारती उठल्या आणि दफनभूमीचा शहराला विसर पडला. १९९१ साली २९० ब्रॉडवे येथे केंद्र सरकारच्या चौतीस मजली कचेरीसाठी पाया खणताना, वीस-पंचवीस फूट भरावाखाली मानवी अवशेष लागले. खरे तर १७५५ च्या नकाशात ही दफनभूमी स्पष्ट दाखविलेली आहे, पण जुन्या तळघरांच्या खोदकामात ती नष्ट झाली असणार, असे गृहीत धरून काम सुरू करण्यात आले होते.

यानंतर जे झाले, ते आम्हांला या साऱ्या इतिहासाइतकेच महत्त्वाचे वाटते. शहरातील आफ्रिकन-अमेरिकन नागरिकांनी धरणे धरले, प्रार्थनासभा घेतल्या, त्या वेळचे महापौर आणि शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी बाजू लावून धरली आणि १९९२ साली खोदकाम थांबले. तोवर ४१९ जणांचे अवशेष बाहेर काढले गेले होते. त्यांचा अभ्यास वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात मायकेल ब्लेकी यांच्या नेतृत्वाखाली झाला. या एकूण दफनभूमीत सुमारे पंधरा हजार माणसे असावीत, असा अंदाज आहे. सापडलेल्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते आणि प्रौढांच्या हाडांवर अतिजड ओझी वाहिल्याच्या खुणा होत्या. एका स्त्रीच्या कमरेभोवती मण्यांची माळ होती आणि तिचे दात आफ्रिकेतील रीतीप्रमाणे घासून आकार दिलेले होते. एका शवपेटीच्या झाकणावर लोखंडी खिळ्यांनी पत्त्यांतील बदामासारखी आकृती काढलेली होती. ती पश्चिम आफ्रिकेतील ‘सांकोफा’ हे चिन्ह असल्याचे पुष्कळदा ठामपणे सांगितले जाते, परंतु अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत आणि आम्ही दोन्ही बाजू सांगतो.

ऑक्टोबर २००३ मध्ये हे अवशेष घानामध्ये कोरलेल्या लाकडी पेट्यांतून न्यूयॉर्कला परत आणले गेले आणि त्याच जागी त्यांचे पुन्हा दफन झाले. हिरवळीवरील सात उंचवटे त्यांचेच आहेत. २००६ साली या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि रॉडनी लिऑन यांनी रचलेले काळ्या ग्रॅनाइटचे स्मारक पुढच्या वर्षी खुले झाले. उंचवट्यांवर चढू नये आणि तेथे बसून खाऊ नये. स्मशानाकडे जाण्याचा संकोच ज्यांना वाटतो, त्यांनी बाहेर पदपथावर थांबले तरी चालते. आतील माहिती दालन सरकारी इमारतीत असल्यामुळे तेथे विमानतळासारखी तपासणी होते. सुपारी कातरायचा अडकित्ता किंवा फळे कापायची सुरी पिशवीत राहिली असेल, तर ती घरीच काढून ठेवावी. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

फेरीचा शेवट ३६, लिस्पेनार्ड स्ट्रीट येथे होतो. येथे डेव्हिड रगल्स राहत असत. शेकडो पळालेल्या गुलामांना त्यांनी मदत केली. सप्टेंबर १८३८ मध्ये खलाशाच्या वेषात मेरीलंडहून निसटलेला एक तरुण त्यांच्या घरी आला, त्याची वाग्दत्त वधू ॲना मरे पाठोपाठ आली आणि याच घरी त्यांचे लग्न लागले. तो तरुण म्हणजे पुढे जगभर नावाजलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस होत. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी ४ जुलै १८२७ रोजीच कायद्याने संपली होती, तरी पळालेल्यांना पकडून दक्षिणेत विकणारे लोक या रस्त्यांवर फिरत असत, म्हणून डग्लस यांनाही येथे राहता आले नाही आणि त्यांना न्यू बेडफर्डला जावे लागले.

दुसरी फेरी : हार्लेम

पहिल्या फेरीच्या उलट येथे वास्तू उभ्या आहेत आणि त्यांत माणसे राहतात. १९०४ साली सबवे येणार, या आशेने हार्लेममध्ये गरजेपेक्षा जास्त इमारती बांधल्या गेल्या आणि त्या रिकाम्या पडल्या. फिलिप पेटन या कृष्णवर्णीय दलालाने ही संधी साधून घरमालकांना कृष्णवर्णीय भाडेकरू मिळवून दिले. भाडे अर्थातच गोऱ्यांपेक्षा जास्त आकारले जाई. पुढे दक्षिणेतून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांनी ही वस्ती भरली.

आपण १३५ व्या रस्त्यावरील शॉम्बर्ग केंद्रात भेटतो. प्वेर्तो रिकोमध्ये जन्मलेल्या आर्तुरो शॉम्बर्ग यांनी बँकेतील नोकरी सांभाळून आफ्रिकन वंशाच्या लोकांविषयीची हजारो पुस्तके, हस्तलिखिते आणि चित्रे जमविली. १९२६ साली तो संग्रह सार्वजनिक ग्रंथालयासाठी १० हजार डॉलरना विकत घेण्यात आला. कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या अस्थी येथील दालनाच्या फरशीतील नक्षीखाली ठेवलेल्या आहेत. ग्रंथालय वापरात असते, म्हणून तेथे मार्गदर्शक हळू आवाजात बोलतात.

पुढे हार्लेम हॉस्पिटलमधील १९३० च्या दशकातील भित्तिचित्रे, १३८ व्या रस्त्यावरील ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्च आणि त्यापुढील स्ट्रायव्हर्स रो हे थांबे येतात. स्ट्रायव्हर्स रोमधील देखणी घरे १८९० च्या दशकात बांधली गेली, परंतु १९१९ पर्यंत ती कृष्णवर्णीयांना विकली जात नसत. मागच्या गल्लीच्या विटांच्या खांबांवर ‘खासगी रस्ता, घोडे चालवत न्या’ अशा अर्थाची जुनी अक्षरे आजही वाचता येतात. ही खासगी घरे आहेत, त्यामुळे पायऱ्यांवर बसून छायाचित्रे काढू नयेत.

१२५ व्या रस्त्यावर अपोलो थिएटर बाहेरून दाखविले जाते. १९३४ साली याच रंगमंचावर हौशी कलाकारांच्या स्पर्धेत पुढे प्रसिद्ध झालेल्या गायिका एला फिट्झजेराल्ड जिंकल्या. त्याच वर्षी याच रस्त्यावरील ब्लमस्टीन या मोठ्या दुकानासमोर ‘जेथे नोकरी मिळत नाही, तेथे खरेदी करू नका’ असा बहिष्कार झाला आणि दुकानाला कृष्णवर्णीय विक्रेत्या मुली घ्याव्या लागल्या. त्याच दुकानात १९५८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या छातीत कागद कापायचे पाते खुपसले गेले आणि आपण नुकत्याच पाहिलेल्या हार्लेम हॉस्पिटलमधील शल्यचिकित्सकांनी त्यांचे प्राण वाचविले. चौकातील हॉटेल थेरेसामध्ये १९६० साली फिडेल कॅस्ट्रो उतरले होते, आणि तेथे त्यांना भेटायला पंडित नेहरू आले होते.

ज्यांची इच्छा असेल, त्यांना पुढे मॉर्निंगसाइड पार्कच्या कड्यापर्यंत नेले जाते. कड्याच्या खाली हार्लेम आहे आणि वर कोलंबिया विद्यापीठ. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे शिकत होते. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागितली, आणि डू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर पाठविले. बाबासाहेब हार्लेममधील अमुक सभेला बसले होते, असे रंगवून सांगावे, अशी अपेक्षा काही ग्राहक करतात. आम्ही तसे प्रसंग रचत नाही. १९६८ साली विद्यापीठाने याच पार्कमध्ये व्यायामशाळा बांधायला घेतली आणि हार्लेमवासीयांसाठी कड्याच्या पायथ्याशी वेगळे दार ठेवले, तेव्हा विद्यार्थी व रहिवासी यांनी मिळून ते काम बंद पाडले, ही हकीकत आम्ही तेथे उभे राहून सांगतो. या जादा भागात बऱ्याच पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी १२५ व्या रस्त्यावरच निरोप घ्यावा, त्यात काही सुटल्याची रुखरुख बाळगू नये. विद्यापीठाच्या आवारात प्रवेश मिळेलच, असे गृहीत धरू नये.

नोंदणी आणि इतर सूचना

दोन्ही फेऱ्या शनिवारी सकाळी निघतात. रविवारी शॉम्बर्ग केंद्र बंद असते आणि चर्चमध्ये प्रार्थना चालू असते. गॉस्पेल, म्हणजे चर्चमधील भक्तिगीते, ऐकण्यासाठी पर्यटकांना चर्चमध्ये नेण्याची पद्धत शहरात रूढ आहे. आम्ही ती पाळत नाही, कारण प्रार्थनेला बसलेल्यांकडे कॅमेरा घेऊन पाहत राहणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. कोणाला मनापासून प्रार्थनेला जायचे असेल, त्यांनी चर्चच्या नियमांची चौकशी करून स्वतंत्रपणे जावे. रस्त्यावरच्या माणसांची छायाचित्रेही विचारल्याशिवाय काढू नयेत.

दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी घ्याव्यात, अशी विचारणा वारंवार होते. वेळेच्या हिशेबात ते जमण्यासारखे आहे, कारण चेंबर्स स्ट्रीटहून २ किंवा ३ क्रमांकाची सबवे थेट १३५ व्या रस्त्याला जाते. तरीही आम्ही तसे करत नाही. दफनभूमी पाहून आल्यानंतर हार्लेमचे ऐकायला मन आणि पाय दोन्ही ताजे राहत नाहीत. क्रम मात्र शक्यतो पहिली, मग दुसरी, असाच ठेवावा.

जर्सी सिटी किंवा नेवार्कहून येणाऱ्यांना पाथ रेल्वेने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरून पहिल्या फेरीच्या आरंभस्थळी चालत येता येते. फेरीच्या शुल्कात फक्त मार्गदर्शन आणि नकाशाच्या प्रती यांचा समावेश आहे. सबवेचे भाडे आणि खाणे-पिणे ज्याचे त्याने पाहावे. पायांत सवयीचे बूट असावेत, कारण नवे बूट पहिल्यांदा फेरीच्या दिवशी घालणाऱ्यांना दुपारपर्यंत पश्चात्ताप होतो. पहिल्या फेरीत स्वच्छतागृहाची सोय दफनभूमीच्या माहिती दालनात आहे, त्यापूर्वी ती सहज मिळत नाही. हिवाळ्यात नदीकडून बोचरा वारा येतो, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ज्येष्ठांना आम्ही हार्लेमची फेरी सुचवितो. पावसात फेरी होते, हिमवर्षावात होत नाही. आमच्याकडून फेरी रद्द झाल्यास पूर्ण शुल्क परत केले जाते किंवा पुढील तारीख दिली जाते. आपल्याकडून येणे रद्द होत असेल, तर गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवावे, म्हणजे ती जागा प्रतीक्षा यादीतील कुटुंबाला देता येईल.