रानफुलांची ओळख: दाबलेल्या रोपापासून फोनच्या फोटोपर्यंत

आषाढ लागला की बडोद्याहून पावागड-जांबुघोड्याकडे जाणाऱ्यांच्या फोनमध्ये कळलावीचे फोटो साठू लागतात. तिचं नाव सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अडतं ते नखाएवढ्या पिवळ्या-जांभळ्या फुलांपाशी. फोटो सुरेख असतो, पण त्यात नुसत्या पाकळ्या असतात आणि तेवढ्यावरून नाव निघत नाही. याचं कारण नावं ठरवण्याच्या पद्धतीतच आहे.

ही पद्धत वाळवलेल्या रोपांवर उभी राहिली. लहान रोप मुळासकट काढायचं, कागदांत दाबायचं, वाळलं की जाड कागदावर चिकटवायचं. पानं, देठ, फळं टिकतात. रंग उडतो, फूल चपटं होतं. म्हणून कागदाच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीला मोल: रोप कुठे मिळालं, कधी, किती उंच होतं, फुलाचा रंग कोणता. रंग जपायचाच तर चित्रकार लागे. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 च्या सुमारास अशी चित्रं काढून घेतली. ती आज एडिनबर्गच्या वनस्पती उद्यानात आहेत. इतक्या बारकाईनं पाहणाऱ्या त्या चित्रकाराचं नाव मात्र मागे राहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅमेरा तेव्हाही होता, पण या कामाला तो उपयोगी नव्हता. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटांवर निळ्या प्रकाशाचाच परिणाम होई. लाल-पिवळा जवळजवळ उमटतच नसे. पळसाचं फूल काळं आलं असतं आणि निळं फूल पांढरंफटक. सगळ्या रंगांना दाद देणाऱ्या प्लेटा इंग्लंडमध्ये 1906 मध्ये विक्रीला आल्या, आणि त्यांतही रंग दिसायचे ते करड्या छटांमध्येच.

तोवर आपल्या भागाचा मोठा ग्रंथ पुरा होत आला होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ 1901 ते 1908 या काळात भागाभागानं निघाला. शिंद्यांचा पंचमहाल 1861 मध्ये इंग्रजांकडे गेलेला असल्यानं पावागड मुंबई इलाख्यात मोडत होता. बडोदा शहर गायकवाडांचं. कुक विचारतात ते असं: पानं समोरासमोर की एकाआड एक? निदलांवर लव आहे का? पुंकेसर किती? शेंग कशी, बी कसं? पुढे 1978 मध्ये गुजरात राज्याच्या वनस्पतींवर जी. एल. शाह यांचा ग्रंथ आला, त्याचीही रीत हीच. जुनं पुस्तक उघडताना एवढं लक्षात असू द्यावं की नावं बदलली आहेत. कुकच्या काळचा ब्युटिया फ्रोंडोजा म्हणजे आजचा ब्युटिया मोनोस्पर्मा, आपला पळस. पांढरा कुडाही होलारेना अँटिडिसेंटेरिकाचा होलारेना प्युबेसन्स झाला.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातही वाळवलेल्या रोपांचा संग्रह आहे. बडोदेकरांनी ही आपल्या शहराची मोठी ठेव मानायला हवी. कारण फोटोवरून बांधलेला अंदाज शेवटी अशा नमुन्याशीच ताडून पाहायचा असतो.

फोन आज तारीख आणि जागा आपोआप नोंदवतो, म्हणजे चिठ्ठीचं अर्धं काम झालं. उरलेलं आपण करायचं. अख्खं रोप, फूल समोरून आणि मागून, पानाच्या दोन्ही बाजू, खोडाला पान जिथे जुळतं तो सांधा, असेल तर फळ. उंचीसाठी शेजारी हात धरला तरी चालतं. रोप उपटू नये. रानात त्याची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे.

आणि सुंदर दिसतं ते सगळं इथलं नसतं. घाणेरी आणि एकदांडी दोन्ही मूळच्या अमेरिकेतल्या, पण रानात इतक्या रुळल्या आहेत की ‘आपली रानफुलं’ म्हणून त्यांचेच फोटो सर्वांत जास्त फिरतात. त्यांचेही फोटो जरूर काढावेत, पण खाली ‘बाहेरची’ असं लिहावं.

काही झाडं एका फेरीत ओळखताच येत नाहीत. शेवळ्याचं फूल पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनीतून वर येतं, पान नंतर. नर्विलिया या लहानशा ऑर्किडचंही तसंच: फूल सुकून गेल्यावर एकुलतं एक पान उगवतं. अशा वेळी ज्येष्ठात ज्या जागी फूल टिपलं, तिथेच श्रावणात पुन्हा जाऊन पानाचा फोटो घ्यावा आणि दोन्ही एकाच नोंदीखाली ठेवावेत.