झोंबणं वेगळं, मुरणं वेगळं

उद्यमनगरात गाड्यांच्या सीटा बांधणाऱ्या एका मामांना विचारलं, "जुना फोम फाडताना हाताला काही होत नाही का?" म्हणाले, "कायबी नाही. ग्लासवूल धरलं की मात्र लई खाजतंय." त्यांच्या लेखी ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, वाईट; फोम गरीब. इथंच गफलत होते.

ग्लासवूलचे बारीक तंतू कातडीला टोचतात. हात लाल होतो, खाज सुटते. धुतलं, तंतू निघाले की थांबते. त्रास वरच्यावर राहतो आणि कळतो, म्हणून माणूस आपणहून हातमोजे शोधतो.

फोममधली आगरोधक रसायनं झोंबत नाहीत, मुरतात. फोमनं लवकर पेट घेऊ नये म्हणून ती त्यात घालतात, पण बहुतेकदा नुसती मिसळलेली असतात, पक्की जोडलेली नसतात. म्हणून वर्षानुवर्षं सुटत राहतात आणि धुळीतून हातावर येतात. त्यातली बरीचशी तेलात विरघळणारी असल्यानं कातडीच्या तेलकट थरात सहज शिरतात. घाम आला की आणखी. बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रयोगशाळेतल्या कृत्रिम कातडीवर प्लास्टिकचे सूक्ष्म कण ठेवून पाहिलं, तर त्यांच्यातलं ८ टक्क्यांपर्यंत ब्रोमीनयुक्त आगरोधक रसायन आत शोषलं गेलं. घामेजलेल्या कातडीत जास्त. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

हे नुसतं प्रयोगशाळेतलं नाही. अमेरिकेत लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना 'ट्रिस' नावाचं असंच रसायन लावत. कपडे अंगाला मऊ लागायचे, पुरळ नाही की खाज नाही. पण ते कपडे घालणाऱ्या मुलांच्या लघवीत त्याचे अंश सापडले. कॅन्सरच्या धोक्यामुळं १९७७ साली त्या कपड्यांवर बंदी आली.

ब्रोमीनवाली काही रसायनं शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं साठतात आणि थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतात. पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीशीही त्यांचा संबंध दिसून आला आहे. भारतानं २०१८ मध्ये त्यातल्या काहींवर बंदी घातली, पण जुन्या सीटा अजून फाटायला येतातच.

मला जास्त काळजी वाटते ती पेट्रोलनं हात धुण्याची. पेट्रोल कातडीचं स्वतःचं तेल काढून टाकतं आणि तिची राखण कमी करतं. मग त्याच हातानं चार वाजता भडंगाचा पुडा उघडायचा, म्हणजे कातडीतून गेलं नाही ते तोंडातून जाणार. साबण आणि पाणी पुरतं. फोम फाडताना रबरी हातमोजे घातले तर उत्तमच. मामांच्या नळापाशी साबणाची वडी ठेवून आलोय. झिजलीय का, ते पुढच्या खेपेला बघणार आहे.